पहिलं धनुष्य बांबूचंच हवं

ऑगस्ट 2023 मध्ये नागपूरच्या ओजस देवतळेने बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत 150 पैकी 150 गुण घेऊन विजेतेपद मिळवलं. त्याचं धनुष्य कंपाउंड जातीचं. टोकांना चाकं, नेमाला भिंग, बाण सोडायला खटका. हे साहित्य लाखांच्या घरात जातं, म्हणून भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीसारख्या गावातले पालक हा खेळ आपल्यासाठी नाहीच असं धरून चालतात. मला ते पटत नाही. छंद म्हणून तिरंदाजी धरायची तर सुरुवात तीरकमठ्याने, म्हणजे बांबूच्या साध्या धनुष्यानेच करावी. तो गरिबाचा पर्याय म्हणून नव्हे, तर शिकणाऱ्याला त्यातून जास्त मिळतं म्हणून.

कारण बांबूच्या घडणीतच आहे. बांबूची कांब उभी चिरून पाहिली, तर बाहेरच्या हिरव्या सालीलगत धागे दाट बसलेले दिसतात आणि आत जावं तसे ते विरळ होतात. धनुष्य ओढलं की पुढची बाजू ताणली जाते, ओढणाऱ्याकडची बाजू दबते. म्हणून साल निशाणाकडे ठेवायची, तिला पातं लावायचं नाही, तासायचं ते आतल्या अंगाने. सावलीत वाळवलेली जून कांब घ्यायची आणि दोन्ही टोकं सारखी वाकेपर्यंत थोडीथोडी खरवडायची. मध्य भारतातल्या आदिवासी धनुष्यांना दोरीही पुष्कळदा बांबूच्याच पट्टीची असते. सूप-टोपल्या विणणाऱ्या बुरडाच्या हाताला बांबूची ही नस आधीच कळलेली असते, आणि पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत असे हात अजून आहेत. पुढचं काम शरीराचं. कंपाउंड धनुष्य पूर्ण ओढल्यावर चाकांमुळे हातावरचा भार एकदम हलका होतो, तीरकमठ्यात मात्र नेमाच्या क्षणीच भार सर्वांत जास्त असतो. नेम धरायला काच नाही. दोरी दर वेळी गालावर त्याच जागी आली, तरच बाण त्याच जागी जातो. बोटभर कमी ओढलं, की बाण खाली पडतो. चूक लपत नाही, म्हणून ती लवकर सुधारते.

यावर पहिला आक्षेप असा, की पदकाची वाट वेगळी आहे, मग बांबूवर वर्षं का घालवायची? उदयपूर जिल्ह्यातला लिंबाराम बांबूच्या धनुष्यावरच वाढला आणि 1988, 1992, 1996 अशा तीन ऑलिंपिकमध्ये खेळला. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांतही लाकूड-बांबूच्या धनुष्याचा ‘इंडियन राउंड’ आहे, 30 आणि 50 मीटरचा. ही वाट पुढे जातेच. आणि समजा नाही गेली, तरी छंदाला पदकाची अट कशाला? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नवेगावचं जंगल जवळ, धनुष्य हातात आलं की शिकारीची ओढ लागेल. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे आणि शिकार हा गुन्हा आहे, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं. बांबूही राखीव जंगलातून तोडू नये, शेताच्या कडेचा घ्यावा. बांबूच्या उणिवाही मान्य करायला हव्यात. पावसाळी दमटपणात तो मऊ पडतो, आणि रात्रंदिवस दोरी चढवून ठेवला तर त्याचा जोर जातो.

धान निघालं की बांध्या मोकळ्या होतात. तणसाचा घट्ट बांधलेला भारा हे उत्तम निशाण. मागे मातीचा उंचवटा हवा, पण मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ नको, कारण तिच्यावरून माणसं ये-जा करतात. सुरुवात दहा पावलांवरून, हलक्या धनुष्याने. बाण न लावता दोरी कधी सोडू नये, तो सगळा जोर कांबेतच उतरतो आणि ती फुटते. बाण काढायला जायचं, तेव्हा सगळ्यांची धनुष्यं जमिनीवर. एवढं पाळायची तयारी असेल, तर येत्या हिवाळ्यात गावातल्या बुरडाकडे एक जून कांब मागा.