कारकुनाचे समाधान

साठच्या दशकातली अमेरिका म्हटली की लोकांना मोर्चे आठवतात, वॉशिंग्टनची गर्दी आणि मार्टिन ल्यूथर किंग आठवतात. माझी सगळी नोकरी तहसील कचेरीच्या निवडणूक शाखेत गेली, त्यामुळे माझी नजर आधी अर्जाकडे जाते. मिसिसिपी राज्याचा मतदार नोंदणीचा एकवीस प्रश्नांचा अर्ज पाहिला आणि आमचा नमुना ६ फारच भोळा वाटला.

त्या अर्जात नाव, पत्ता आणि धंदा तर होताच, शिवाय तुम्ही कोणाकडे नोकरीला आहात, हेही लिहायचे. मग राज्यघटनेतले एक कलम उतरवून काढायचे आणि त्याचा अर्थ सांगायचा. कलमे २८५. त्यातले कोणते द्यायचे हे रजिस्ट्रार ठरवणार आणि अर्थाने समाधान झाले की नाही, हेही तोच सांगणार. गोऱ्या अर्जदाराच्या वाट्याला ‘कर्जापायी कोणाला कैद होणार नाही’ असे एका ओळीचे कलम येई. काळ्यांसाठी वकिलांनाही घाम फुटेल अशी कलमे राखून ठेवलेली. १९६२ पासून अर्जदारांची नावे दोन आठवडे स्थानिक वर्तमानपत्रात छापणे सक्तीचे झाले. नावे आम्हीही लावतो, हरकती मागवायला. तिथे ती मळ्याचा मालक वाचत असे.

हा अर्ज भरायला गेलेल्या काळ्या शेतमजूर फॅनी लू हेमर या वीस भावंडांतल्या शेंडेफळ. रूलव्हिलजवळच्या कापसाच्या मळ्यावर त्या अठरा वर्षे कामाला होत्या. लिहिता-वाचता येई म्हणून हजेरीचे कामही त्यांच्याकडेच. आपल्याला मतदानाचा हक्क आहे, हे वयाच्या ४४व्या वर्षी त्यांना एका चर्चमधल्या सभेत कळले. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी आणखी सतरा जणांबरोबर त्या बसने इंडियनोलाच्या कोर्टकचेरीत गेल्या. त्यांना आले ते कलम ‘डी फॅक्टो’ कायद्यांविषयीचे. अर्थात नापास. परतताना पोलिसांनी बस अडवून ड्रायव्हरला दंड केला. गुन्हा काय, तर बसचा रंग चुकीचा, शाळेच्या बससारखा पिवळा! सरकारी खात्यात उमेदीची वर्षे घालवूनही इतके कल्पक कलम मला सुचले नसते.

त्याच संध्याकाळी मालकाने बजावले, अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. बाईंनी उत्तर दिले की मी तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी नाव घालायला गेले होते. रात्रीच त्यांना घर सोडावे लागले. जानेवारी १९६३ मध्ये त्या परीक्षा पास झाल्या. तरी मत देता येईना, कारण पोल टॅक्सच्या, म्हणजे डोईपट्टीच्या, मागच्या दोन वर्षांच्या पावत्या नव्हत्या. जूनमध्ये अटक करून विनोनाच्या तुरुंगात त्यांना इतके मारले की मूत्रपिंड कायमचे दुखावले.

१९६४ च्या उन्हाळ्यात उत्तरेकडून शेकडो विद्यार्थी नोंदणीच्या कामाला आले. आरंभीच तिघा कार्यकर्त्यांचा खून झाला. साधारण १७,००० काळ्या नागरिकांनी अर्ज केले, त्यांतले सुमारे १,६०० मंजूर झाले. ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, राज्याच्या प्रतिनिधींच्या जागा आपल्या नव्या पक्षाला मिळाव्यात म्हणून हेमरबाई टीव्ही कॅमेऱ्यांपुढे साक्ष देऊ लागल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद बोलावली. कॅमेरे तिकडे वळले खरे, पण रात्री वाहिन्यांनी ती साक्ष दाखवलीच. तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या, त्या बाईंच्या पक्षाने नाकारल्या. याच जॉन्सन यांनी ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायद्यावर सही केली. त्यांच्याविषयी एकच एक मत बनवणे मला अजून जमलेले नाही.

या कायद्याने परीक्षा बंद केल्या. त्याहून मोलाचे म्हणजे, स्थानिक रजिस्ट्रार आडमुठा असेल तिथे केंद्राला आपला नोंदणी अधिकारी बसवता येऊ लागला. मिसिसिपीत काळ्या प्रौढांची नोंदणी कायद्यापूर्वी सात टक्क्यांच्याही आत होती, ती १९६७ पर्यंत साठ टक्क्यांजवळ पोचली. माणसे तीच होती, अक्षरओळखही तेवढीच. खिडकीपलीकडचा माणूस आणि त्याच्या हातातला नियम, एवढेच बदलले होते.

डोईपट्टी मात्र राज्याच्या निवडणुकांसाठी अजून चालूच होती. हॅटिसबर्गचे दुकानदार व्हर्नन डेहमर यांनी जानेवारी १९६६ मध्ये रेडिओवरून सांगितले की पट्टी माझ्या दुकानात भरा, ज्यांना जमत नाही त्यांची मी भरीन. त्याच रात्री कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या लोकांनी त्यांचे घर पेटवले आणि भाजलेले डेहमर दुसऱ्या दिवशी गेले. त्यांचे चार मुलगे तेव्हा अमेरिकेच्या सैन्यात होते. मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने व्हर्जिनियाच्या एका खटल्यात राज्यांची डोईपट्टीही घटनाबाह्य ठरवली.