दूध उतू गेले, पण पडद्यावर

गेल्या वर्षी छातीत धडधड होते म्हणून मी डॉक्टरांकडे गेलो. ई.सी.जी. झाला, ट्रेडमिल झाली, रक्त तपासून झाले. हृदय ठणठणीत निघाले. "ताण कमी करा," एवढे सांगून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले. हिने प्राणायाम सुचवला, तो मी दोन दिवस केला. शेवटी उपाय काढला मुलाने, आणि तोही चक्क भीतीच्या व्हिडिओ गेमचा!

'नेव्हरमाइंड' हे त्याचे नाव. एरिन रेनॉल्ड्स या बाईंनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थी-प्रकल्प म्हणून तो सुरू केला आणि २०१५ मध्ये तो पूर्ण स्वरूपात बाजारात आला. मानसिक आघात झालेल्या रुग्णांच्या मनात शिरून त्यांच्या हरवलेल्या आठवणी शोधायच्या, असा हा खेळ. आपण स्वतः पडद्यावर दिसत नाही. आपल्या डोळ्यांना दिसेल तेवढेच दिसते. हाती बंदूक वगैरे काही नाही. गंमत अशी की, छातीला नाडी मोजणारा पट्टा बांधून खेळता येतो आणि तुम्ही घाबरलात की खेळ अधिक अवघड होत जातो.

एका प्रसंगी मी स्वयंपाकघरात उभा होतो आणि खोलीत दूध भरू लागले. साधे दूध! आपल्याकडे ते उतू गेले तर गॅस पुसायचा, एवढेच. इथे ते चढतच गेले. मी दात आवळले, श्वास रोखला, 'मला काय होतंय' म्हणत बसलो, तसतसे ते आणखी वाढले.

"बाबा, श्वास रोखू नका, सोडा," मुलगा मागून म्हणाला.

चार आकडे मोजत श्वास घेतला, सहा मोजत सोडला. चार-पाच वेळा केल्यावर दूध ओसरू लागले. यात जादू नाही. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. व्हेगस नावाचा मज्जातंतू हे काम करतो. म्हणून लांब उच्छ्वासाने नाडी उतरते. हिने दोन दिवस हेच सांगितले होते, ते मात्र पडद्यावर पाहिल्यावर पटले.

एका रविवारी खेळ संपल्यावर पट्टा काढायचा राहिला आणि मी टपाल उघडायला बसलो. निवृत्तीच्या खात्याचे तिमाही स्टेटमेंट आले होते. मनगटावरच्या घड्याळात आकडा चढून ११८ झाला. दुधात बुडताना तो १०४ च्या वर गेला नव्हता.

"बाबा, यात भुताटकी कुठाय?" मुलाने विचारले.

तेव्हा मला सांगावे लागले. मार्च २०२० मध्ये बाजार महिनाभरात सुमारे एक-तृतीयांश कोसळला, तेव्हा एका रात्री मी खात्यातले सगळे शेअर फंड विकून टाकले होते. तीच अवस्था: दात आवळलेले, श्वास रोखलेला. ऑगस्टपर्यंत बाजार पूर्वीच्या उंचीच्याही वर गेला, मी बाहेरच. इतकी वर्षे हे मी घरात कोणालाही सांगितले नव्हते, आणि प्रत्येक तिमाहीला ते पाकीट एकट्याने उघडत होतो. ही दारातच उभी होती. काही बोलली नाही. चहा घेऊन आली आणि म्हणाली, "दाखवा बघू."

कोणी हा खेळ आणणार असेल तर थोडी काळजी घ्यावी. लखलखत्या प्रकाशाने फिट येणाऱ्यांनी आणि हृदयाच्या ठोक्यांचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असल्या खेळांच्या वाटेला जाऊ नये. लहान मुलांच्या हाती द्यावा असा हा प्रकार नव्हे, आणि औषधाची जागाही तो घेत नाही. आणि हो, स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. भित्र्या मंडळींना दोन तास पुष्कळ झाले!

पुढचे स्टेटमेंट एप्रिलात येईल. पट्टा हिने धुऊन वाळत घातला आहे.