व्हायनिलची फरशी: फळी वॉटरप्रूफ, पण खालचं काय?

शहाबादी, कोटा, मोझॅक, नाहीतर आजोळची शेणाने सारवलेली जमीन. आपल्यापैकी बहुतेकांचं लहानपण यांपैकी कशावर तरी रांगण्यात गेलं. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. फरशी जमिनीला घट्ट चिकटलेली असे आणि ती एकदा बसली की दोन पिढ्या कुणी तिचा विचार करत नसे. अमेरिकेत घर घेतल्यावर मात्र हा विचार करावाच लागतो. मुलाला धुळीची अ‍ॅलर्जी निघाली म्हणून कार्पेट काढायचं असतं, किंवा बेसमेंट तयार करून तिथे पाहुण्यांची सोय आणि गणपतीच्या आरतीची जागा करायची असते. दुकानात गेलं की समोर एकच उत्तर येतं: व्हायनिल प्लँक. दिसायला लाकूड, खिशाला परवडणारं, स्वतःच्या हातांनी बसवता येणारं. आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, १०० टक्के वॉटरप्रूफ.

ही जाहिरात खोटी नाही. पण ती फक्त फळीबद्दल आहे. फरशी टिकणार की नाही, आणि घरातली माणसं सुरक्षित राहणार की नाही, हे बरंचसं फळीच्या खाली काय आहे त्यावर ठरतं. म्हणून या लेखात आधी फळी समजून घेऊ आणि मग तिच्या खाली उतरू.

फळीत असतं काय?

व्हायनिल म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड, आपल्या ओळखीचं पीव्हीसी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांना ते १८७२ मध्ये मिळालं होतं, पण तो पदार्थ कडक आणि ठिसूळ असल्याने त्याचं करायचं काय हे कुणाला कळेना. १९२६ मध्ये ओहायोतल्या गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन रबर आणि धातू चिकटवणारा पदार्थ शोधत होते. त्यांनी पीव्हीसी काही द्रवांत तापवलं आणि हाती आलं एक लवचीक, पाणी न शोषणारं प्लास्टिक. रेनकोटपासून फरशीपर्यंतचा पुढचा प्रवास तिथून सुरू झाला.

पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतं. ते ज्या व्हायनिल क्लोराइड वायूपासून बनतं तो कर्करोगकारक आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइन इथे रेल्वे घसरली, तेव्हा टँकरमधून सोडून जाळला गेला तो हाच वायू. मग फरशीतून तो वायू येतो का? या वायूचे रेणू एकमेकांना जोडून लांबच लांब साखळी तयार झाली की तिचे गुणधर्म मुळापासून बदलतात, म्हणून तयार फळी म्हणजे तो वायू नव्हे. खरा प्रश्न येतो तो त्यात मिसळलेल्या इतर पदार्थांचा. मऊ व्हायनिलमध्ये लवचीकपणासाठी थॅलेट गटातली रसायनं घालत असत. ती साखळीला पक्की जोडलेली नसतात, त्यामुळे हळूहळू बाहेर पडून घरातल्या धुळीत उतरतात, आणि जमिनीवर रांगणारं बाळ त्या धुळीच्या सगळ्यांत जवळ असतं. २०१५ मध्ये होम डेपो आणि लोव्ज या मोठ्या दुकानांनी व्हायनिल फरशीत ही रसायनं वापरणं बंद करायचं जाहीर केलं. आजही खोक्यावर थॅलेटमुक्त असल्याचा उल्लेख आणि हवेतल्या वाफांसाठी फ्लोअरस्कोअरचा शिक्का आहे ना, एवढं पाहून घ्यावं.

आज दुकानात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला, पातळ आणि लवचीक, जो गोंदाने चिकटवतात. दुसरा एसपीसी: पीव्हीसीत भरपूर चुनखडीची भुकटी घालून केलेला दगडासारखा कडक गाभा. तिसरा डब्ल्यूपीसी: हवेचे बुडबुडे असलेला हलका गाभा. डब्ल्यूपीसी पायाला मऊ लागतं, पण जड कपाटाचा खळगा त्यावर लवकर पडतो. शेवटच्या दोन प्रकारांच्या फळ्या एकमेकींत खटकन अडकतात आणि जमिनीवर नुसत्या तरंगत राहतात. ना खिळा, ना गोंद.

मिल आणि मिलीमीटर

खोक्यावर दोन जाड्या लिहिलेल्या असतात आणि इथे पुष्कळांची गल्लत होते. ५ मिलीमीटर ही संपूर्ण फळीची जाडी. २० मिल ही फक्त वरच्या पारदर्शक थराची. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, त्यामुळे २० मिल म्हणजे जेमतेम अर्धा मिलीमीटर, आणि १२ मिल म्हणजे ०.३ मिलीमीटर. लाकडाचं जे सुंदर चित्र दिसतं ते या थराखाली छापलेलं असतं. थर झिजला की चित्र झिजतं, आणि लाकडासारखं ते पुन्हा घासून चकचकीत करता येत नाही. मुलं, कुत्रा, ओढल्या जाणाऱ्या खुर्च्या असं नांदतं घर असेल तर एकूण जाडीपेक्षा या थरावर पैसे घालावेत. झोपण्याच्या खोलीत १२ मिलवरही भागतं.

पाणी खालून येतं

बेसमेंटची काँक्रीटची जमीन कोरडी दिसते, पण काँक्रीट सच्छिद्र असतं. मातीतली ओल वाफेच्या रूपात त्यातून सतत वर येते आणि खोलीच्या हवेत विरून जाते. त्यावर व्हायनिल पसरलं की आपण जणू भांड्यावर झाकण ठेवलं. फळीला काही होत नाही, पण गोंदाने चिकटवलेली फरशी असेल तर काँक्रीटमधले अल्कधर्मी क्षार घेऊन आलेली ओल गोंद खराब करते. तरंगती फरशी असेल तर झाकणाखाली दमटपणा साचतो, आणि कडेच्या भिंतीतलं लाकूड, जिप्सम बोर्डाचा कागद, अडकलेली धूळ यांवर बुरशीला मेजवानी मिळते.

घरच्या घरी एक सोपी चाचणी करता येते. पारदर्शक प्लास्टिकचा १८ इंच चौरस तुकडा काँक्रीटवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा आणि किमान १६ तास थांबा. खाली दवाचे थेंब आले किंवा काँक्रीट काळवंडलं तर ओल आहे. मात्र थेंब दिसले नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण ही चाचणी फक्त पृष्ठभागाचं सांगते. खात्रीचा मार्ग म्हणजे काँक्रीटमध्ये भोक पाडून आतली सापेक्ष आर्द्रता मोजणं. किती आर्द्रता चालेल याची मर्यादा प्रत्येक कंपनी आपल्या माहितीपत्रकात देते.

पाणी वरून आलं तरी गोष्ट तीच. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसाने न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कमधली असंख्य बेसमेंट भरली. अशा वेळी व्हायनिल वरून पुसून कोरडं होतं, पण कडेच्या फटीतून खाली गेलेलं पाणी तिथेच राहतं. बुरशी टाळायची तर २४ ते ४८ तासांत सगळं कोरडं करावं, असा पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, सल्ला आहे. याचा अर्थ फळ्या उचलाव्या लागतात. सुदैवाने तरंगत्या फळ्या उचलता येतात.

न दिसणारा पाहुणा

मातीतून वर येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे रेडॉन. मातीतल्या युरेनियमच्या क्षयातून तयार होणारा हा किरणोत्सारी वायू जमिनीच्या भेगांतून बेसमेंटमध्ये साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानानंतरचं दुसरं मोठं कारण तोच आहे. लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा जास्त रेडॉन आढळला तर उपाय करा, असं ईपीए सांगते. व्हायनिल पसरल्याने रेडॉन थांबत नाही. आणि उपाय करायचा म्हणजे सहसा काँक्रीटला भोक पाडून खालची हवा पाइपने छताबाहेर सोडायची. नवी कोरी फरशी फोडण्यापेक्षा स्वस्तातली चाचणी आधी केलेली बरी.

९ इंची जुनी टाइल

घर १९८० च्या आधीचं असेल तर कार्पेट उचलल्यावर खाली जुन्या टाइल्स दिसू शकतात. त्या ९ इंच चौरस असतील, किंवा त्यांच्याखाली काळा डांबरासारखा गोंद असेल, तर थांबा. त्या काळच्या टाइल्समध्ये आणि गोंदात मजबुतीसाठी अ‍ॅस्बेस्टॉस घालत. टाइल अखंड असेपर्यंत तंतू आत अडकलेले राहतात. खरवडलं, घासलं, फोडलं की ते हवेत उडतात, फुप्फुसात रुततात आणि काही दशकांनी कर्करोगाच्या रूपाने समोर येतात. १२ इंची टाइलमध्येही अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, त्यामुळे नुसत्या मापावरून निकाल लावू नका. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. टाइल्स धडधाकट आणि सपाट असतील तर त्यांना न छेडता वर तरंगतं व्हायनिल घालणं हा बहुधा सगळ्यांत शहाणपणाचा मार्ग ठरतो. काढायच्याच असतील तर ते काम परवानाधारक माणसांचं. शनिवारी सकाळी मित्रांना बोलावून, चहा-पोहे खात उरकण्याचं ते काम नव्हे.

फरशी वाढते

बरेच जण उन्हाळ्यात महिनाभर भारतात जातात आणि वीज वाचवायला एसी बंद करून जातात. बंद घराचं तापमान २० वरून ३५ अंश सेल्सिअसवर गेलं असं धरा. निव्वळ कडक पीव्हीसी अंशामागे आपल्या लांबीच्या लाखात ५ भागांहून जास्त पसरतं, चुनखडीमुळे हा आकडा कमी होतो. सावधपणे ५ धरला तर ६ मीटर लांब हॉलमध्ये वाढ होते साडेचार मिलीमीटर. म्हणूनच चारही भिंतींलगत पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलीमीटर, जागा सोडायला सांगतात. ती फट बेसबोर्ड आणि गोलसर पट्टीखाली झाकली जाते. ती पट्टी भिंतीला ठोकायची, फरशीला नाही. किचनमधली कॅबिनेट किंवा आयलंडही तरंगत्या फरशीवर बसवू नये. एक बाजू अशी जखडली आणि दुसरीकडे फट नसली, तर फरशीला जायला जागा एकच उरते: वर. मग मधोमध टेंगूळ येतं.

बसवताना

कामाचा नव्वद टक्के भाग पहिली फळी ठेवण्याआधीचा असतो. १० फुटांत ३/१६ इंचाहून जास्त उंचसखलपणा नको, ही सर्वसाधारण अट. खळग्यावरून जाणारी फळी प्रत्येक पावलाला वाकते, आणि तार सारखी वाकवली की जशी तुटते तसा तिचा सांधा तुटतो. उंचवटे घासा, मात्र काँक्रीट घासताना उडणारी सिलिका धूळही फुप्फुसाला घातक असते, म्हणून मास्क आणि व्हॅक्यूम हवाच. खळगे लेव्हलिंग मिश्रणाने भरा. वरच्या मजल्यावरचं प्लायवुड करकरत असेल तर आत्ताच स्क्रू मारा. व्हायनिल आवाज झाकत नाही.

फळीला पाठीमागे फोम चिकटवलेला असेल तर खाली आणखी गादी घालू नका. जास्त मऊपणा म्हणजे पुन्हा सांध्यांवर ताण. कॉन्डोत राहत असाल तर सोसायटीचे आवाजाचे नियम आधी पाहा. पावलांच्या आवाजासाठी आयआयसी हा आकडा वापरतात आणि किमान ५० ची अट सर्रास असते. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला तुमच्या लेकीचा भरतनाट्यमचा रियाज रोज ऐकायचा नसतो.

थोडं गणितही करा. खोलीची रुंदी १४३ इंच, दोन्हीकडची फट वजा जाता १४२.५. फळी ७ इंचांची असेल तर २० रांगा होतात आणि शेवटी २.५ इंचांची केविलवाणी चिरफळी उरते. त्याऐवजी एक रांग कमी करा. उरलेले ९.५ इंच दोन्ही कडांना वाटले की पहिली आणि शेवटची रांग पावणेपाच इंचांची, आणि मध्ये १९ पूर्ण रांगा. शेजारच्या रांगांतले आडवे सांधे किमान ६ इंच सरकलेले ठेवा. माल क्षेत्रफळापेक्षा १० टक्के जास्त घ्या.

नांदताना

रबरी पाठीचं पायपुसणं व्हायनिलवर नको. रबरातली रसायनं फळीत उतरून पिवळा डाग पाडतात, आणि तो प्लास्टिकच्या आत असल्याने कशानेच निघत नाही. हळदीतलं कर्क्युमिन तेलात विरघळतं, तेव्हा फोडणीचा शिंतोडा लगेच पुसावा. राहिलाच फिकट डाग तर त्यावर ऊन पडू द्या, प्रकाशात कर्क्युमिनचं विघटन होतं. समई आणि निरांजनाखाली मात्र नेहमी ताम्हण ठेवा. पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं.

एक शेवटचं काम. फळ्या अंथरण्याआधी मोकळ्या जमिनीचे फोटो काढा: भेगा, भरलेले खळगे, जुन्या टाइल्स कुठवर आहेत ते. ओलीचे, रेडॉनचे आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे अहवाल त्यांच्यासोबत ठेवा आणि एक जादा खोकं माळ्यावर टाका. पुढे कधी फरशी उचलायची वेळ आली तर, तुमच्यावर येवो की तुमच्यानंतर घर घेणाऱ्यावर, खाली काय आहे हे त्या माणसाला अंदाजाने ठरवावं लागणार नाही.