बॉम जीझसच्या भिंतीला हवा चुन्याचा गिलावा

जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेची लालसर, रापलेली भिंत आज गोव्याची ओळखच होऊन बसली आहे. कॅलेंडरांवर, पोस्टकार्डांवर तीच दिसते. पण १५९४ मध्ये पाया घातलेलं आणि १६०५ मध्ये अभिषेक झालेलं हे चर्च जवळपास साडेतीनशे वर्षं असं कधीच दिसलं नाही. त्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात, १९५०च्या दशकात, वास्तुविशारद बाल्ताझार दि कास्त्रो यांच्या देखरेखीखाली तो उतरवला गेला. वास्तू अधिक पुरातन दिसावी, हा त्यामागचा विचार. तेव्हापासून आतला जांभा दरवर्षी गोव्याचा पाऊस थेट अंगावर घेतो आहे.

जांभ्याला हे सोसत नाही, आणि त्याचं कारण त्याच्या जन्मातच आहे. उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं पाणी मुरत राहिलं की मूळ खडकातली सिलिका, चुना, सोडियम वाहून जातात; मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं. खाणीतून नुकताच काढलेला चिरा इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने तासता येतो. उघड्यावर सुकताना त्यातली लोहसंयुगं घट्ट होतात आणि चिरा कडक बनतो. म्हणूनच रत्नागिरीपासून केरळपर्यंत घरं, किल्ले, देवळं आणि चर्च त्यातूनच उभी राहिली.

चिरा जवळून पाहावा. लाल-तपकिरी लोहाच्या जाळीत वाटाण्याएवढी, कुठे बोटभर भोकं असतात आणि त्यांत पिवळट-पांढरी माती भरलेली असते. उघड्या भिंतीवर पावसाचा मारा होतो तेव्हा आधी ही माती धुपते. भोकं मोठी होतात, आत शिरणारं पाणी वाढतं, मग त्यात शेवाळ धरतं. जाळी पोकळ झाली की चिऱ्याच्या कडा बोटाने चोळल्या तरी भुगा पडतो.

सगळ्याच चर्चच्या पायाखाली असा दगड नसतो. बंगळूरच्या शिवाजीनगरात १८८२ मध्ये सध्याच्या गॉथिक रूपात पूर्ण झालेली सेंट मेरी बॅसिलिका आहे. तिथल्या जमिनीखाली ‘पेनिन्सुलर नाइस’ हा खडक पसरलेला आहे. बंगळूरच्याच लालबागेतली त्याची सुमारे तीनशे कोटी वर्षं जुनी टेकडी राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. या खडकातले स्फटिक एकमेकांत इतके घट्ट गुंतलेले असतात की पाण्याला आत शिरायला फारशी वाटच मिळत नाही. शिवाय बंगळूरचा वार्षिक पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास, तर गोव्याचा साधारण तीन हजार.

बॉम जीझस बांधणाऱ्यांना जांभ्याची मर्यादा पुरती ठाऊक होती. त्यावर बारीक नक्षी टिकत नाही. म्हणून दर्शनी भागावरच्या कोरीव कामासाठी त्यांनी वसईहून काळा पाषाण आणवला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेला हा दख्खनचा बेसाल्ट बारीक कणांचा आणि घट्ट असतो. वर शिखराकडे कोरलेली ‘आयएचएस’ ही जेझुइट संघाची अक्षरं त्यामुळेच आजही ठसठशीत वाचता येतात.

आत तर दगडांची दुनियाच वेगळी. सेंट फ्रान्सिस झेवियर यांची समाधी फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने घडवली. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याची ही भेट १६९८ मध्ये गोव्यात जुळवण्यात आली. तिच्यात रंगीत संगमरवर आणि जास्पर आहेत. संगमरवर म्हणजे कॅल्साइट, कठीणपणाच्या मोहस् मापावर तीन. जास्पर म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं क्वार्ट्‌झ, जवळजवळ सात. इतक्या कठीण दगडाला अपघर्षक भुकटीनेच कापावं आणि घासावं लागतं. जास्परचा तांबडा रंग येतो लोहाच्या ऑक्साइडमुळे, म्हणजे बाहेरच्या भिंतीतला जांभा ज्यामुळे तांबडा दिसतो त्याच द्रव्यामुळे. फरक इतकाच की जास्परमध्ये ते क्वार्ट्‌झमध्ये बंदिस्त आहे आणि जांभ्यात मातीशेजारी उघडं.

छप्पर आणि गिलावा गेल्यावर जांभ्याचं काय होतं, ते बॅसिलिकेपासून थोड्याच अंतरावर दिसतं. सेंट ऑगस्टिन चर्च ओस पडल्यावर १८४२ मध्ये त्याचं कमानदार छत कोसळलं आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग ढासळला. एकेकाळच्या ४६ मीटर उंच मनोऱ्याचा अर्धाच भाग आज उभा आहे.

बॉम जीझसवर पुन्हा गिलावा करावा, अशी मागणी संवर्धनतज्ज्ञ करत आले आहेत. ती मान्य व्हायलाच हवी. १९८६ पासून जागतिक वारसा असलेली ही वास्तू ‘उघडी सुंदर दिसते’ म्हणून झिजू देणं परवडणारं नाही. मात्र गिलावा सिमेंटचा नको. सिमेंटचा थर भिंतीतली ओल आत कोंडतो. मग क्षार त्याच्या मागे स्फटिकरूपात साचून दगडाचा पापुद्रा सोडवतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो, तरीही बाष्प बाहेर जाऊ देतो आणि चिऱ्याआधी स्वतः झिजतो. झिजलेला चुना पुन्हा लावता येतो. काम पावसाळा संपून भिंत नीट सुकल्यावरच हाती घ्यावं लागेल. आधी लहान पट्ट्यावर मिश्रणाची चाचणी घ्यावी लागेल आणि पुढे डागडुजीसाठी चुन्याचं काम जाणणारे गवंडी कायम हाताशी ठेवावे लागतील.