रुळांकडेचे वाफे

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ घेत जाते, तेव्हा रुळांच्या कडेला ठिकठिकाणी भाजीचे वाफे दिसतात. पालक, लाल माठ, मेथी, भेंडी. जमीन रेल्वेची. ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली ती तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना परवान्यावर कसायला दिली गेली. भाजीइतकाच हेतू राखणीचाही होता. वाफे असले की अतिक्रमण होत नाही. लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि १९४९ मध्ये ‘उल्हासनगर’ हे नाव मिळालं, त्या दाटीवाटीच्या शहरात हा विचार शहाणपणाचाच होता.

पण परवाना एकाच्या नावावर आणि विळा दुसऱ्याच्या हातात, असं पुष्कळदा झालं. परप्रांतातून आलेला कसणारा उद्या इथे असेल की नाही, हे त्यालाच ठाऊक नसतं. मग तो विहीर कशाला खणेल? तो माठ पेरतो, कारण महिन्याभरात जुड्या बाजारात जातात. पाणी म्हणून शेजारचा सांडपाण्याचा नाला असतोच. दुर्दैव असं की, शिसं आणि कॅडमियम शोषून घेण्यात पालेभाज्याच पुढे असतात. स्वयंपाकघरात भाजी तीनदा धुतली तर माती जाईल, जंतूही कमी होतील. पानात भिनलेला धातू जाणार नाही.

वालधुनी नदीकडे पाहिलं की दोष कुठे आहे ते कळतं. अंबरनाथजवळच्या काकोळे परिसरात तिच्यावर जुन्या जीआयपी रेल्वेने धरण बांधलं, वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून. पुढे ती अकराव्या शतकातल्या शिवमंदिराला वळसा घालते आणि मग कारखाने, वस्त्या यांचं सांडपाणी घेत उल्हासनगरात शिरते. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरने तिच्यात रसायन ओतलं, तेव्हा विषारी वायूमुळे शेकडो रहिवाशांना रुग्णालयात जावं लागलं. जमीन रेल्वेची, नाला पालिकेचा, कारखाने औद्योगिक वसाहतीतले, तपासणी प्रदूषण मंडळाची. प्रत्येकाची हद्द वेगळी, पाणी मात्र एकच.

सोव्हिएत संघ कोसळून तिथून येणारं अन्न आटलं, तेव्हा क्यूबाच्या हवाना शहराने पडीक सरकारी जागांवर भाजी पिकवली. जमीन खराब होती तिथे कठडे बांधून त्यांत खतमाती भरली, जागा वापरण्याचा हक्क थेट कसणाऱ्याला दिला. आपल्याकडे ओरड झाली की शेतीच बंद करण्याची भाषा होते. मला ते मान्य नाही. वाफे गेले की तिथे कचरा येतो, आणि नाला होता तसाच वाहतो.

परवाना प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या नावाने, निदान तीन वर्षांचा द्यावा. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या पालिकांनी सांडपाण्यावर सिंचनाच्या दर्जाची प्रक्रिया करून ते नळाने वाफ्यांपर्यंत आणावं, आणि माती-पाण्याचे अहवाल स्थानकावर लावावेत. तोवर या जागांवर पालेभाजी नको, झेंडू लावावा. दसरा-दिवाळीला त्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, आणि कसणाऱ्याची चूलही पेटती राहील.