बास्केटबॉल : सुरुवातीला गुण करणारा उतरवावा की अडवणारा?

संघात फॉरवर्डची एकच जागा उरली आणि पोरं दोन असली, की बहुतेक वेळा जास्त गुण करणाराच आत जातो. पण हिशोब पुरा मांडायला हवा. एकाने १४ गुण केले अन् त्याच्या समोरच्या गड्याने १६, तर संघ दोनने मागेच. दुसऱ्याने ६ च केले, पण समोरच्याला ४ वर रोखलं, तर संघ दोनने पुढे.

अमेरिकेतल्या एनबीए स्पर्धेचं उदाहरण बघा. १९९५-९६ च्या हंगामात शिकागो बुल्सकडे सामन्याला सरासरी १३ गुण करणारा फॉरवर्ड टोनी कुकोच होता. तरी प्रशिक्षक फिल जॅक्सन सुरुवातीला बहुतेक वेळा डेनिस रॉडमनलाच उतरवायचे. रॉडमनचे गुण सरासरी साडेपाच. पण बचाव पक्का, आणि हुकलेला चेंडू ताब्यात घ्यायचा, म्हणजे रिबाउंड, सामन्याला जवळपास १५ वेळा. गुणांसाठी मायकेल जॉर्डन होताच, सरासरी ३० चा. कुकोच मागाहून ताज्या दमाने यायचा. त्या वर्षी तो सर्वोत्तम राखीव खेळाडू ठरला. बुल्सने ८२ पैकी ७२ साखळी सामने जिंकले आणि विजेतेपदही.

म्हणून आधी उरलेले चौघे बघावेत. त्यांच्यात भरवशाचा गुण करणारा असेल तर अडवणारा घ्यावा. कोणीच नसेल तर गुणवाला.