घरच्या संगणकाची मुदत संपते तेव्हा

गेल्या हिवाळ्यात अहमदपूर तालुक्यातील एका वस्तीवर हरभऱ्यावरची घाटेअळी पाहायला गेलो होतो. पाहणी आटोपून ओसरीवर चहा घेत बसलो, तोच घरच्या वहिनींनी आतून एक जुना लॅपटॉप आणून माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "साहेब, रानातलं झालं, आता हे बगा. हे म्हनतंय, आमची मुदत संपली. टाकून द्यायचं का ह्याला?"

२०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा लेकीच्या अभ्यासासाठी घेतलेला तो सेकंडहँड लॅपटॉप. लेक आता शिकायला लातूरला असते. लॅपटॉप घरी राहिला आणि त्यावर वहिनी आपल्या बचत गटाचा हिशेब ठेवतात. बारा बायकांची चार वर्षांची देवघेव त्यात आहे. तालुक्याच्या एका दुकानात विचारले, तर एकजण म्हणाला नवीनच घ्या, आणि दुसरा म्हणाला पाचशे रुपये द्या, फॉरमॅट मारून देतो. वहिनींनी तो दिला नाही, हे फार बरे केले. का, ते पुढे सांगतो.

बंधु-भगिनींनो, असे निरोप आता पुष्कळ घरांतल्या संगणकांवर येत आहेत, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो. संगणकाचे यंत्र वेगळे आणि त्यातली कार्यप्रणाली वेगळी. यंत्र म्हणजे वावर, गोठा आणि अवजारे. कार्यप्रणाली म्हणजे घरचा जाणता सालगडी. कोणते अवजार कुठे ठेवले आहे, कोणत्या खोलीत काय आहे, हे त्यालाच ठाऊक असते, आणि तुमचे प्रत्येक काम त्याच्या हातून होते. पाडव्याला सालगडी बदलला म्हणून कोणी वावर विकत नाही.

विंडोज १० ही कार्यप्रणाली २०१५ साली आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नेहमीची देखभाल कंपनीने थांबवली. म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. तो चालतच राहतो. परंतु नव्या चोरवाटा सापडल्या तर त्या बुजवणारे कोणी उरत नाही. ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात किंवा ज्यात आधार कार्डाच्या प्रती आहेत, त्या संगणकाबाबत हा धोका पत्करू नये. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत कंपनीने जाहीर केली होती, पण ती शेवटी वाढीव मुदतच.

मग पुढे काय? यंत्र पुरेसे नवे असेल तर विंडोज १० वरून ११ वर फुकट जाता येते. त्यासाठी चार जी.बी. मेमरी, चौसष्ट जी.बी. साठवण आणि टी.पी.एम. २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते. शिवाय त्याचा प्रोसेसरही कंपनीच्या यादीत असावा लागतो. सेटिंगमधील अपडेटच्या पानावर तुमचे यंत्र चालेल की नाही, ते लिहून येते. २०१८ च्या आधीची बहुतेक यंत्रे इथे अडतात. वहिनींचेही अडले.

अशा यंत्रांसाठी लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. पुढे जगभरच्या हजारो हातांनी तिची मशागत केली. तिचे पुष्कळ वाण आहेत. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली 'बॉस' नावाचा वाण काढला. केरळच्या सरकारी शाळांतील संगणक कित्येक वर्षे लिनक्सवरच चालत आले आहेत. विंडोजची सवय झालेल्या घराला मी लिनक्स मिंट सुचवतो, कारण तिची मांडणी ओळखीची वाटते. जुलै २०२४ मध्ये निघालेल्या मिंट २२ ची देखभाल २०२९ पर्यंत होणार आहे. दोन जी.बी. मेमरीवर ती चालते, पण चार असलेली बरी. पैसे पडत नाहीत. दुकानात 'फुकटची' विंडोज टाकून मिळते ती मात्र चोरीची असते. बोगस बियाण्याचे दुःख ज्यांनी भोगले आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

पण थांबा, अजून पेनड्राइव्हला हात लावू नका.

२०१९ साली मी स्वतः माझ्या घरच्या संगणकात लिनक्स टाकायला बसलो. कुणाला विचारायचे म्हणजे कमीपणा वाटला. बी.एस्सी. ॲग्री झालेला माणूस, एवढे येणार नाही? पडद्यावर दोन पर्याय आले. जुन्या विंडोजच्या शेजारी बसव, हा एक, आणि डिस्क पुसून बसव, हा दुसरा. मी न वाचता दुसरा दाबला. त्यात माझ्या अकरा वर्षांच्या फेरीच्या नोंदी होत्या. कोणत्या गावी कोणत्या तारखेला पाऊस झाला, तुरीवर मर रोग कुठे दिसला, कोणत्या वाफ्यातली हळद कशी आली, सगळे त्यात होते. आईचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटोही होते. फोटो भाचीच्या मोबाइलमध्ये सापडले. नोंदी गेल्या त्या गेल्याच. आजही एखादा शेतकरी विचारतो, साहेब, तुमच्या वहीत असेल की ते साल, आणि मला खाली पाहावे लागते.

दुकानातला 'फॉरमॅट' म्हणजे हेच, डिस्क पुसणे. तो पोरगा लबाड असतो असे नव्हे. त्याचे ते रोजचे काम असते आणि आत काय आहे हे त्याला ठाऊक नसते. म्हणून आधी सगळे सामान बाहेर काढा. हिशेबाच्या फाइली, फोटो, सात-बाराच्या आणि बँक पासबुकाच्या प्रती, लेकरांची प्रमाणपत्रे हे सगळे एका पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. ती दुसऱ्या यंत्रात लावून दोन-चार फाइली उघडून पाहा. कणगीत धान्य ओतले म्हणजे झाले असे नसते, हात घालून पाहावे लागते. डेस्कटॉपवर ठेवलेले आणि 'डाउनलोड' मध्ये पडलेले माणूस हटकून विसरतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही वहीत उतरवून ठेवा आणि वही कपाटात ठेवा.

मराठी फाइलींबाबत एक मुद्दाम सांगतो. पूर्वी आपल्याकडे श्री-लिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टंकलेखन होई. त्यात अक्षर मराठी दिसते, पण आत इंग्रजी चिन्हे असतात. तो फॉन्ट नव्या प्रणालीत नसेल तर ग्रामसभेचा ठराव उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो आणि फाइल बिघडली असे वाटते. ती बिघडलेली नसते. अशा महत्त्वाच्या फाइलींची जुन्या यंत्रावर असतानाच पी.डी.एफ. करून घ्या. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मराठीला हा त्रास नाही.

आता मिंटची फाइल उतरवून घ्यायची. ती तीन जी.बी.च्या आसपास असते. मोबाइलचा रोजचा दीड जी.बी.चा पॅक त्याला पुरत नाही, तेव्हा जिथे वायफाय आहे अशा ओळखीच्या ठिकाणी काम करावे. फाइल मिंटच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. तिच्यासोबत चौसष्ट अक्षरांचा एक ताळा दिलेला असतो. उतरवलेल्या फाइलीचा ताळा काढून दोन्ही जुळवायचे. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीचा निळा टॅग आपण पाहतो, तसाच हा प्रकार आहे. एक अक्षर जरी चुकले तरी फाइल टाकून द्या व पुन्हा उतरवा. नंतर रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने ती आठ जी.बी.च्या पेनड्राइव्हवर उतरवावी. या कामात पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, म्हणून सामान काढलेला पेनड्राइव्ह याला वापरू नका. दोन वेगळे ठेवा आणि एकाला लाल दोरा बांधा. हसू नका, मी बांधतो.

लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह लावायचा आणि चालू करताना खास कळ दाबत राहायची. डेल आणि लिनोव्होच्या बहुतेक यंत्रांत ती एफ-१२ असते, तर एच.पी.त आधी एस्केप आणि मग एफ-९. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की मिंट थेट त्यावरूनच उघडते, डिस्कला हात न लावता. मला या सोयीचे फार कौतुक आहे. कारण नवे वाण आपण आधी दोन ओळी लावून पाहतो, एकदम पाच एकर पेरत नाही. इथे वायफाय लागते का, आवाज येतो का, पडदा नीट दिसतो का, प्रिंटर ओळखतो का, हे सगळे पाहून घ्या. वाटल्यास दोन दिवस असेच वापरा. नाही जमले तर पेनड्राइव्ह काढा, जुने विंडोज जागच्या जागी असते.

जमले, तर पडद्यावरचे 'इन्स्टॉल' चे चिन्ह दाबा. चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली असावी. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टर पाहा. आपल्याकडची वीज मधेच कधी जाईल याचा नेम नाही, आणि अर्धवट बसलेली प्रणाली पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते. भाषांच्या यादीत मराठी आहे. तरीही घरात कोणी आधी इंग्रजी विंडोज शिकले असेल तर त्याला विचारून ठरवा. मग तो दोन पर्यायांचा प्रश्न येतो. तिथे हात मागे घ्या, मोठ्याने वाचा, घरातल्या दुसऱ्या माणसालाही वाचायला लावा. वेळेचा प्रदेश विचारला तर कोलकाता निवडा, सबंध भारताची घड्याळे त्यातच येतात. पासवर्ड जन्मतारखेचा नको. पुढचे काम सहसा अर्ध्या तासात उरकते.

नंतर अपडेट घ्यायचे. मग कळफलकाच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी इनस्क्रिप्ट जोडायचा. यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. तेलुगू आणि कन्नडलाही कळांची हीच मांडणी असल्याने देगलूर-उदगीरकडच्या सीमेवरच्या घरांना त्याचा फायदा होतो. लेखन व हिशेबासाठी लिबर ऑफिस आधीच बसवलेले असते आणि ते एक्सेलच्या फाइली उघडते. काही जुन्या यंत्रांत तारीख सारखी मागे जाते आणि मग बँकेची पाने उघडत नाहीत. तो दोष प्रणालीचा नसतो. आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तो बदलून घ्यावा.

हे सगळ्यांना लागू नाही, हेही सांगितले पाहिजे. टॅलीवर दुकान चालवणाऱ्यांनी, तसेच अंगठ्याचे यंत्र किंवा डिजिटल सहीची चावी वापरून सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी, आपापल्या यंत्राच्या कंपनीला आधी विचारावे. पुष्कळदा ती विंडोजवरच चालतात.

वहिनींच्या लॅपटॉपचे काम लेक सुट्टीत आली तेव्हा झाले. मी बाजूला बसलो, तिनेच केले. आधी गटाच्या फाइली दोन पेनड्राइव्हवर काढल्या. त्या शेजारच्या गुरुजींच्या संगणकात उघडून पाहिल्या. एकूण जमा आणि कर्जबाकी वहीशी ताडून घेतली, त्यात वहीतच सत्तर रुपयांची एक जुनी चूक सापडली. डिस्कच्या प्रश्नाशी येताच तिने हात थांबवला आणि आईला हाक मारली. वहिनींनी चुलीवरचा तवा उतरवून ठेवला, ओले हात पदराला पुसले आणि एकेक अक्षर लावत दोन्ही ओळी वाचल्या. मग म्हणाल्या, "शेजारीच बसव त्याला. जुनं बी असू दे चार दिस."

संध्याकाळी हिशेब नव्या प्रणालीत उघडला, रकाने जागच्या जागी होते. प्रिंटर मात्र अडून बसला आहे. त्याच्या कंपनीचा लिनक्ससाठीचा प्रोग्राम शोधायचे काम माझ्याकडे आले आहे, पुढच्या फेरीला तेवढे करून द्यायचे आहे.